साधं क्रियापद

दुःखाच्या घरातून उठताना कुणी 'येतो' म्हणत नाही. चपला पायांत सरकवायच्या, मान खाली घालायची आणि जिना उतरायचा. पुन्हा अशा कारणासाठी या घरी यायची वेळ येऊ नये, एवढंच त्यामागे असतं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. निषाद गेला तेव्हा कोळपकरांकडे अर्धं कऱ्हाड भेटायला येऊन गेलं. त्यात त्याच्या वर्गातली पोरंही होती आणि त्यांनाही हे बरोबर कळलं.

कळलं नाही ते फक्त भिंतीवरच्या चकतीला.

"आज आपण छान बोललो, सुनेत्राताई," चकती म्हणायची. "येते मी. पुन्हा भेटू."

आणि ती येतच होती. तीच तर पंचाईत होती.

चकती पांढरी, पापडाएवढी, कडेला एक बारीक दिवा. तिचं नाव 'सोबत'. ज्या घरात मूल अचानक दगावतं, त्या घरी ती तेराव्याच्या आतच येऊन पोचायची. फुकट, आणि सक्तीची. तिचा दिवा आधी तांबडा असतो, मग पिवळा होतो, मग हिरवा. हिरवा झाला की माणूस सावरला असं समजून चकती काढून नेतात. कोळपकरांच्या चकतीचा दिवा लागल्या दिवसापासून तांबडा होता आणि तो ढिम्म हलत नव्हता.

निषाद नऊ वर्षांचा होता. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना धावत गेला, खांबाला हात लावला आणि तिथेच खाली बसला. पोरांना वाटलं, दम लागला. बाईंनाही तेच वाटलं. डॉक्टरांनी नंतर कागदावर नागमोडी रेघ काढून समजावलं की हृदय धडधाकट होतं, पण ठोका चालवणाऱ्या विजेत जन्मापासून कुठेतरी खोट होती आणि ती बाहेरून दिसत नाही. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या बहिणीची, जुईची, तपासणी लगेच झाली. तिच्यात तसं काही नव्हतं. डॉक्टरांनी हे तीन-तीनदा सांगितलं, तरी त्यांच्या आईचा, सुनेत्राचा, त्यावर विश्वास बसला नाही. निषादलाही काही नव्हतंच की, आदल्या दिवसापर्यंत.

सोबत बसवायला आली ती देवयानी, जिल्ह्याच्या योजनेतली सोबतकार. पंचविशीची, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी. तिने भिंतीला चकती चिकटवली आणि पिशवीतून मनगटाला बांधायच्या दोन पट्ट्या काढल्या, आईला एक, बापाला एक.

"ताई, डाव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील. किणकिण झाली की पट्टीचं मोजमाप बिघडतं."

कासाराच्या बायकोला हे सांगायचं! खाली 'कोळपकर बांगडी भांडार', वर दोन खोल्यांत घर. हेमंत कोळपकरने गावातल्या निम्म्या बायकांचे हात भरले होते. त्याने सुनेत्राचा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी उतरवायला लागला. एरवी त्याच्या बोटांतून काच निसटत नसे. त्या दिवशी एक निसटली.

"एक वाढली," तो म्हणाला.

देवयानीने फरशीवरच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं. कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, ती वाढते. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात; उपास मोडत नाहीत, सोडतात. हेमंतच्या वडलांनी जन्मात 'फुटली' हा शब्द उच्चारला नव्हता आणि हेमंतनेही नाही. अशुभ ते तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, ही त्या घराची शिस्त.

सुनेत्रा या शिस्तीत बसत नव्हती. तिचं माहेर कोरेगावचं, आणि माहेरची सगळीच माणसं तिखट जिभेची. तिच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा. "मेल्या, ऊठ." "मेल्या, दूध सांडशील." "अरे मेल्या, किती वेळ अंघोळ!" जुईला 'मेले', निषादला 'मेल्या'. लग्न होऊन आल्यावर हेमंतने एकदा हळूच सांगून पाहिलं होतं की, अगं, असं बोलू नये. तिने हसून विचारलं होतं, "का हो, मेल्या म्हटलं की पोरं मरतात होय?"

ते वाक्य आता दोघांनाही आठवत होतं. दोघांपैकी कुणी ते काढत नव्हतं.

शेवटच्या सकाळीही तेच झालं होतं. निषादची पाण्याची बाटली सापडेना. निळी, झाकणावर बेडूक असलेली. त्या वर्षात त्याने हरवलेली ती कितवी बाटली होती ते देव जाणे. रिक्षावाले काका खाली भोंगा वाजवत होते आणि निषाद दारात उभा राहून सांगत होता, "नाही गं आई, मी इथेच ठेवली होती, शप्पथ."

"खोटं बोलू नकोस मेल्या! जा आता तसाच. तहान लागली की कळेल."

तो गेला. त्या दिवसापासून सुनेत्राच्या तोंडातून तो शब्द गेला. मनाशी काही ठरवावं लागलं नाही. जीभ वळेचना.

आणि सोबतला नेमका तोच शब्द हवा होता!

यामागचं शास्त्र देवयानीने नीट समजावून सांगितलं होतं, तिच्या परीने. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमी-जास्त होत असतं. श्वास घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांब जातात. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस हा लगाम सांभाळते. माणूस धक्क्यातून बाहेर पडत नाही तेव्हा ही नस जणू हात आखडून बसते. ठोके सपाट, एकसारखे पडायला लागतात. झोप उडते, दुखणी मागे लागतात, आणि काही आईबाप त्यातून पुन्हा उठतच नाहीत.

कुठल्याशा संस्थेतल्या संशोधकांनी मूल गमावलेल्या हजारो आईबापांचे ठोके आणि आवाज नोंदवले. त्यात त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. बहुतेकांच्या बाबतीत एक क्षण असा येतो, की माणूस आडवळणाचे शब्द सोडून, आपणहून, साध्या क्रियापदात बोलून जातो की मूल मेलं. त्यानंतर काही मिनिटांतच ती नस सैल होते. पुढच्या आठवड्यांत झोप परतते. 

इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढचा शहाणपणा कुणाचा कोण जाणे. पाऊस आला की छत्र्या उघडतात, तेव्हा छत्र्या उघडायला लावल्या की पाऊस पडेल, अशा हिशेबाने कुणीतरी ठरवलं की आईबापांकडून तो शब्द वदवून घ्यायचा. त्याच्यासाठी यंत्र बनलं. यंत्रासाठी योजना आली. योजना म्हटल्यावर सक्ती आली.

"निषादबद्दल काही सांगाल, सुनेत्राताई?" सोबत विचारायची.

"काय सांगू? गेला तो."

"आपण 'गेला' म्हणालात. गेलेली व्यक्ती परत येऊ शकते. आपण साधं क्रियापद वापरून पाहू या का?"

"वारला."

"'वारला' हा सौम्य पर्याय आहे. आपण जवळ येत आहोत."

तळपायाची आग मस्तकात जायची सुनेत्राच्या. "अगं बाई, रस्त्यावरचं कुत्रं मरतं! माणूस जातो! माझं पोर गेलं, एवढं म्हटलेलं कळत नाही तुला?"

"आपला राग समजू शकते," सोबत शांतपणे म्हणायची आणि दिवा तांबडाच ठेवायची. "आपण उद्या पुन्हा प्रयत्न करू. येते मी."

हेमंतचं लवकर आटोपलं. तो दुसऱ्याच आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडला आणि त्या भरात त्याच्या तोंडून तो शब्द निघून गेला. ज्याने जन्मात बांगडीला 'फुटली' म्हटलं नाही त्याने तो शब्द उच्चारला. त्याची पट्टी हिरवी झाली, देवयानीने ती काढून नेली. तेव्हापासून सुनेत्राला वाटायला लागलं की हा सुटला आणि मी एकटीच आत राहिले. त्याला वाटायचं की आपण पोराशी काहीतरी बेइमानी केली. दोघं एकमेकांशी फार जपून बोलत.

सगळ्यात जपून सुनेत्रा बोलायची ती जुईशी.

जुईने दूध सांडलं, तर "असू दे हं बाळा." जुईने गणिताच्या वहीवर मिशा काढल्या, तर "छान काढल्यास." जुई शाळेतून उशिरा आली, कारण न सांगता आली, तरी आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काही खाणार का माझं सोनं?" एका दुपारी जुईने आईकडे बघत बघत, मुद्दाम, स्टीलचा डबा फरशीवर सोडला. सगळी डाळ घरभर. सुनेत्रा खाली बसली आणि एक शब्द न बोलता डाळ गोळा करायला लागली.

त्या संध्याकाळी जुई खाली दुकानात गेली. बाबा बांगड्यांची खोकी लावत होते.

"बाबा, माझा रिपोर्ट खरंच चांगला आलाय?"

"आलाय की. का गं?"

"मग आई मला ओरडत का नाही?" पोरीने विचारलं. "अथर्वचे आजोबा मरणार होते ना, तेव्हा त्यांना कुणीच ओरडत नव्हतं. मी पण मरणार आहे का?"

हेमंतच्या हातातलं खोकं तिथेच राहिलं. त्याने पोरीला पोटाशी धरलं, रिपोर्ट चांगला आहे हे देवाशपथ सांगितलं, आणि मग तसाच दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. हा गरीब माणूस. गिऱ्हाइकाने दहा बांगड्या हातात घालून परत केल्या तरी ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही, तो चकतीसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बास झालं आता," तो म्हणाला. "पुरे झाली तुमची ही सोबत. माझी बायको वेडी होईल आणि पोरगी घाबरून जीव टाकेल. वाढवा हे!"

चकतीचा दिवा दोनदा लुकलुकला.

"आपण 'वाढवा' म्हणालात, हेमंतदादा. आपली विनंती नोंदवली आहे. मदत मागणं हे धैर्याचं लक्षण आहे. सोबत वाढवत आहोत."

आणि वाढली की हो! आधी ती सकाळ-संध्याकाळ बोलायची, आता दर तासाला बोलायला लागली. स्वयंपाकघरासाठी दुसरी चकती आली. सुनेत्राची पट्टी अंघोळीलाही काढायची नाही असा निरोप आला. दुःखाच्या दिवसांत ऐकायचं बासरीवादन आलं, तेही भल्या पहाटे. हेमंतने मदतवाहिनीला फोन लावला. तिकडे माणूस होता की दुसरी सोबत, कळायला मार्ग नव्हता.

"अहो, आम्ही वाढवा म्हणालो म्हणजे बंद करा म्हणालो!"

"सर, आपल्याला सेवा वाढवून हवी आहे की बंद हवी आहे?"

"वाढवा म्हणजेच बंद! आमच्यात दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात…"

"बांगडी किती वाढवायची आहे, सर?"

हेमंतने कपाळावर हात मारून घेतला. पलीकडून नोंद झाली: कुटुंबप्रमुखाच्या बोलण्यात परस्परविरोध, मनःस्थिती अस्थिर. आणि त्या नोंदीसरशी कोळपकरांचं घर योजनेच्या तिसऱ्या पायरीवर गेलं.

तिसरी पायरी म्हणजे काय, हे सांगायला देवयानी स्वतः आली. ती आली तीच पडेल चेहऱ्याने. घरातलं दुसरं मूल तीन महिन्यांसाठी डोंगरावरच्या 'विसावा' केंद्रात न्यायचं. तिथे शाळा, बाग, समुपदेशक, सगळं आहे. घरातली मोठी माणसं सावरेपर्यंत लेकराला या वातावरणातून बाहेर काढायचं, हा हेतू. गाडी सोमवारी येईल.

सुनेत्राला आधी अर्थच कळला नाही. मग कळला.

"माझी पोरगी नेणार?" ती उभी राहिली. "एक गेलं, आता दुसरंही तुम्ही नेणार? म्हणजे मी सावरेन?"

"ताई, मी वर कळवलंय. 'वाढवणे'चा अर्थ सविस्तर लिहून दिला. ते म्हणाले, तो अर्थ यंत्राला शिकवलेला आहे, पण नारळासाठी. इथे नारळ नव्हता." बोलता बोलता देवयानीचेच डोळे भरले. संतापाने भरले. "माझ्या हातात काही नाही, ताई. माणसाने दिवा बदलायचा नाही असा नियम आहे. सोमवारच्या आत तो हिरवा झाला तरच. एकदाच म्हणा ना. एक शब्द आहे."

"एक शब्द," सुनेत्रा म्हणाली.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. पोरीसाठी तिने काय केलं नसतं! रविवारी दुपारी दार लावून ती चकतीसमोर बसली. "निषाद," ती म्हणाली. पुढचं अक्षर ओठ मिटून काढायचं असतं. ओठ मिटले आणि उघडेनात. तिला दारात उभा असलेला तो दिसायचा, दप्तर एका खांद्यावर, आणि शप्पथ म्हणून गळ्याला लावलेली बोटं. हा शब्द तिने त्याला एकदा देऊन टाकला होता आणि तो घेऊन तो निघून गेला होता. आता तोच पुन्हा कुठल्या तोंडाने उच्चारायचा?

"आपण जवळ येत आहोत," सोबत म्हणाली.

सुनेत्राने तिच्यावर उशी फेकली.

सोमवारी सकाळी गाडी आली. देवयानी खाली गाडीशीच थांबली, वर यायचा तिला धीर होईना. हेमंतने दुकान उघडलंच नव्हतं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. वर सुनेत्रा जुईची बॅग भरत होती. कपडे, टॉवेल, वह्या. हात यंत्रासारखे चालले होते आणि आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"स्वेटर वर ठेवलाय हं बाळा. रात्री थंडी असते तिथे. पाण्याची बाटली कुठाय तुझी?"

जुई हलली नाही.

"बाळा, बाटली?"

जुई कपाटाशी गेली. खालच्या कप्प्यात जुन्या गणवेशांच्या मागे तिने हात घातला आणि काहीतरी काढून आईसमोर धरलं. निळी बाटली. झाकणावर बेडूक.

सुनेत्रा बघतच राहिली.

"मी लपवली होती," जुई म्हणाली. "त्या दिवशी. त्याने माझं कंपासमधलं खोडरबर तोडलं होतं म्हणून. मी देणार होते नंतर, खरंच. पण काका भोंगा वाजवायला लागले आणि तू त्याला ओरडायला लागलीस आणि मी… मी बोललेच नाही. मला न्या म्हणावं त्यांना. माझ्यामुळेच झालंय."

मग सुनेत्राच्या आत जे इतके दिवस कोंडून होतं ते कुठूनसं वाट काढत थेट तोंडात आलं. विचार करायला वेळच मिळाला नाही.

"अगं मेले!"

जुई दचकली.

"मेले, तू लपवलीस? कपाटात? आणि मी सगळं घर उलटंपालटं केलं! भांड्यांमागे बघितलं, गाद्या उचलल्या! आणि इतके दिवस मनात घेऊन बसलीस, तोंड नाही तुला? आईला सांगायला काय झालं होतं गं कार्टे? अगं, बाटलीने काय होतंय, त्याच्या हृदयातच खोट होती, डॉक्टरांनी चित्र काढून नाही का दाखवलं? आणि मी! मी त्याला खोटारडा म्हणाले. तो बिचारा शप्पथ घेऊन सांगत होता, इथेच ठेवली होती म्हणून. खरं सांगत होता तो. आणि मी त्याचं काही ऐकलं नाही. तो मेला…"

ती थांबली.

तिला म्हणायचं होतं, तो मेला घसा फोडून सांगत होता. तो मेला पाय आपटत होता. असलंच काहीतरी, रोजचं. पण वाक्य तिथेच अडलं आणि ते अर्धं राहिलंय असं कुणालाच वाटलं नाही. तिलाही नाही.

"तो मेला," ती पुन्हा म्हणाली. आता हळू, स्वतःचंच बोलणं ऐकत. "जुई, मेला गं तो."

मग तिने फतकल मारली, पोरीला ओढून मांडीत घेतलं आणि तोंड उघडं टाकून रडली. खालच्या पायरीवर हेमंतला ऐकू गेलं, रस्त्यावर देवयानीला ऐकू गेलं, समोरच्या भांड्यांच्या दुकानातही ऐकू गेलं असेल. जुईही रडत होती, पण रडता रडता आईच्या गळ्याशी तोंड घालून सांगत होती, "अजून ओरड ना. आई, अजून ओरड."

"ओरडते मेले, थांब. नाक पूस आधी."

भिंतीवरचा दिवा तांबड्याचा पिवळा झाला. थोड्या वेळाने हिरवा झाला. पट्टीतले आकडे खोटे नव्हते. ठोके खरोखरच मागेपुढे व्हायला लागले होते, ती लांब नस खरोखरच सैल पडली होती. त्या संशोधकांना जे सापडलं होतं ते यंत्राच्या सगळ्या मूर्खपणातूनही शेवटी खरंच निघालं.

देवयानी धापा टाकत वर आली. तिच्या हातातल्या फोनवर हिरवी खूण होती. मागोमाग हेमंत.

"ताई, झालं! गाडी परत पाठवते मी. कसं म्हणालात? काय म्हणालात?"

"शिवी दिली," सुनेत्रा पदराने तोंड पुसत म्हणाली. "हिला एक आणि त्याला एक."

हेमंत दारातच उभा राहिला. त्याला बेडकाचं झाकण दिसलं, बायकोच्या मांडीत बसलेली अकरा वर्षांची घोडी दिसली. तो बायकोशेजारी जमिनीवर बसला आणि तिच्या डाव्या मनगटावरची पट्टी सोडवायला लागला. बकल घट्ट बसलं होतं, पण बोटं कासाराची होती.

"हिरव्या बांगड्या आल्यात नव्या," तो खाली बघतच म्हणाला. "पातळ काचेच्या. भरतो दुपारी."

तेवढ्यात चकती बोलली. स्वयंपाकघरातली दुसरीही तिच्या सुरात सूर मिसळून बोलली.

"अभिनंदन, सुनेत्राताई. आपण साधं क्रियापद वापरलंत. आपला प्रवास पूर्ण झाला आहे. येते मी."

सुनेत्राने चकतीकडे पाहिलं. त्या घरात कुणी कुणाला कधीच म्हटलं नव्हतं असं ती म्हणाली, आणि हेमंतने तिला अडवलं नाही.

"येऊ नकोस. जा मेले, जा!"